मास्तरांची चांदणी

"शिडी नीट धर रे," मी वरून ओरडलो.

"धरलीय. तू खाली बघू नको आणि लवकर आवर," खालून बशीर म्हणाला. "कुणी विचारलं तर काय सांगायचं?"

"सांग, जळमटं काढतोय."

"दुसऱ्याच्या दुकानाची?"

मी घाईनं सुतळीचं टोक तोंडात धरलं, म्हणजे उत्तर द्यायला नको.

१९८६ सालच्या डिसेंबरची बावीस तारीख. दुपारचे दोन वाजले होते आणि नगर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावातली बांगडी गल्ली जेवून सुस्तावली होती. गल्लीच्या तोंडाशी बशीर मणियारचं बांगड्यांचं दुकान, मध्ये माझं पूजासाहित्याचं आणि माझ्या भिंतीला भिंत लावून शांतवन पाटोळेचं घड्याळदुरुस्तीचं. शांतवन, म्हणजे आमचा शांतू, जेवायला घरी गेला होता. मी त्याच्याच दुकानासमोर शिडी लावून त्याचीच नाताळची चांदणी उतरवत होतो. चोरी म्हणून नव्हे, मित्रप्रेम म्हणून. आज सांगताना हसू येतं, पण त्या दिवशी मला स्वतःचं भारी कौतुक वाटत होतं.

झालं होतं असं, की शांतूचे वडील, दानिएल मास्तर, त्या ऑगस्टमध्ये गेले. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, घड्याळांचे. पंचक्रोशीतलं बंद पडलेलं कुठलंही घड्याळ त्यांच्या हातात दिलं की दोन दिवसांत निमूट चालायला लागायचं. माणूस गेल्याला पुरते पाच महिनेही झाले नव्हते, आणि तेवढ्यात शांतूनं दुकानावर चांदणी लावली. मला धक्काच बसला. दुखवट्याचं वर्ष! आमच्याकडे वर्षश्राद्ध होईपर्यंत सण नाही, गोडधोड नाही, घरात तळणसुद्धा नाही. शेजाऱ्यांनी फराळ आणून द्यायचा आणि तोही हळू आवाजात. मी ठरवलं, बिचारा सवयीनं लावून बसला असेल. आता उतरवायची तर गल्लीसमोर शोभा. आपणच गुपचूप उतरवून ठेवावी, त्याची तो समजेल.

या विषयात माझा शब्द म्हणजे गल्लीत शेवटचा. बारशापासून तेराव्यापर्यंत कशाला काय लागतं, काय चालतं, काय चालत नाही, सगळं मला तोंडपाठ. लोक वाती घ्यायला यायचे आणि सल्ला घेऊन जायचे. सल्ला फुकट होता आणि तो मी न मागताही द्यायचो. गल्ली मला शास्त्री म्हणायची. त्यात थट्टा किती आणि आदर किती, याचा हिशोब मी कधी केला नाही. सगळा आदरच धरून चाललो.

"शास्त्री, मी काय म्हणतो," शिडी धरूनच बशीर म्हणाला, "त्यांच्यात असतं का पण असं? वर्षभर सण न करणं?"

"का नसेल?"

"आमच्यात नाही. अम्मा गेली आणि पंधरा दिवसांत रोजे लागले. ईद केली की आम्ही. रडलोपण आणि शीरखुर्मापण प्यालो."

"तुमचं निराळं. शांतूच्या घरी करंज्या असतात, चकल्या असतात. मार्थामावशी नऊवारी नेसतात. जात्यावरच्या ओव्यासुद्धा येतात त्यांना. सगळं आपल्यासारखं आणि दुखवटा तेवढा विलायतेहून आणलाय का त्यांनी?"

बशीरनं शिडी आणखी घट्ट धरली. मी इतक्या ठामपणे बोलायचो की समोरच्याला आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटायचं.

चांदणी खाली आली. कामट्यांची, पाच टोकांची, लाल-पांढऱ्या कागदाची आणि मधोमध एका जुन्या भिंतीवरच्या घड्याळाची तबकडी. पावसाळ्यात धंदा मंद असला की मास्तर स्वतः बसून दर वर्षी ती नव्यानं बांधायचे, तबकडी मात्र तीच. त्या जुलैतही त्यांनी बांधली होती. म्हणजे ही त्यांच्या हातची शेवटची. हे मला माहीत होतं. म्हणूनच तर ती शांतूच्या डोळ्यांसमोर नको, असं मला आणखी जोरात वाटलं. मी ती माझ्या दुकानाच्या माळ्यावर, कापराच्या खोक्यांमागे, जुन्या धोतरात गुंडाळून ठेवली.

तीन वाजता शांतू आला. कुलूप काढताना त्याची नजर वर गेली आणि तिथंच राहिली. मोकळा खिळा बराच वेळ बघून तो माझ्याकडे आला.

"अनंता, माझी चांदणी कुणी काढली, बघितलंस का?"

मी नारळांची रास नीट लावायला घेतली. ती नीटच होती.

"वारा होता दुपारी," मी म्हणालो.

"वारा?"

"होता खरा," गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बशीरनं घाईघाईनं साक्ष दिली. "माझ्या दोन बांगड्या उडाल्या."

काचेच्या बांगड्या उडवणारा वारा होता म्हटल्यावर चांदणीचं काय! शांतूनं आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. तो मुळात अबोल माणूस. दिवसभर एका डोळ्याला भिंग लावून बसायचा, तेव्हा एकाच डोळ्यानं बघायचा. त्या दिवशी दोन्ही डोळ्यांनी बघितलं आणि ते मला जरा जड गेलं.

"अनंता, येत्या गुरुवारी…" त्यानं सुरुवात केली.

मी पुढं होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काही बोलू नकोस, शांतू. आम्हाला सगळं समजतं."

"समजतं?"

"सगळं. तू मनाला लावून घेऊ नकोस. गल्लीत मी सांगून ठेवतो सगळ्यांना."

"काय सांगून ठेवतोस?"

"ते माझ्यावर सोड."

खांद्यावरचा माझा हात हळूच बाजूला करून तो आपल्या दुकानात जाऊन बसला. मी बशीरला खूण केली: बघ, गहिवरून आलं त्याला.

आता इथं एक रीत सांगायला हवी. पंचवीस तारखेला सकाळी अकरा वाजता, चर्चमधली उपासना आटोपली की सगळी बांगडी गल्ली दुकानं बंद करून मिशन कंपाउंडात मास्तरांच्या घरी जायची. बोलावणं कधीच नसायचं. मास्तर म्हणायचे, नाताळचं आमंत्रण द्यायचं नसतं, माणसानं आपण होऊन यायचं असतं. दारात ते तपकिरी कोट घालून उभे असायचे. आत सोडायच्या आधी प्रत्येकाला म्हणायचे, "आधी घड्याळ दाखव." मनगट हातात घेऊन घड्याळ मिनिटावर लावून द्यायचे आणि मग म्हणायचे, "हं, आता नाताळच्या शुभेच्छा. ये आत." वर्षातून एकदा सगळ्या गल्लीची वेळ एक व्हायची. मग करंज्या, चकल्या, शंकरपाळे आणि केकच्या जाड वड्या. बशीर केक खायच्या आधी विचारायचा, "यात काही नाही ना?" शांतूची आई, मार्थामावशी, म्हणायच्या, "तुझ्यासाठी निराळा काढलाय, खा."

हे सगळं त्या वर्षी मी बंद केलं. दोन दिवस गल्लीत फिरून दुकानोदुकानी सांगितलं: अकराला कुणी जायचं नाही, शुभेच्छा तर तोंडातूनही काढायच्या नाहीत, तो समोर आला तर नुसती मान हलवायची. संध्याकाळी मी, माझी बायको शैला आणि बशीर असे तिघेच गल्लीच्या वतीनं फराळ देऊन येऊ. लोकांनी मानलं. शांतू सकाळी गल्लीतून जायचा तेव्हा दोन्ही बाजूंनी माना हलायच्या. कुणी गंभीर व्हायचं, कुणी दुसरीकडे बघायचं. एवढी शिस्त आमच्या गल्लीनं कधी नगरपालिकेच्या माणसालाही दाखवली नव्हती.

चोवीस तारखेला शांतू पुन्हा दारात आला.

"अनंता, रिकामी खोकी आहेत का? कापराची?"

"आहेत की. किती हवीत?"

"सहा."

"कशाला रे?"

"आवराआवर करायचीय."

मास्तरांच्या वस्तू बांधून ठेवत असणार बिचारा. मी सहा मजबूत खोकी निवडली, झटकली आणि सुतळीनं एकत्र बांधून दिली. "आणखी लागली तर सांग," म्हणालो. तो म्हणाला, "पुरतील. दुकान लहानच आहे." हे शेवटचं वाक्य माझ्या कानावर पडलं. डोक्यात मात्र शिरलं नाही.

त्याच संध्याकाळी घरी शैला चिवडा परतत होती. लाडू वळून झाले होते, शेव गाळायची होती.

"तुम्ही विचारलंत का त्यांना?" तिनं विचारलं.

"काय?"

"सण करणार आहेत की नाही ते."

"अगं, असं कुणी तोंडावर विचारतं का? कसं दिसेल ते?"

"विचारलेलं बरं दिसत नाही आणि न विचारता ठरवलेलं बरं दिसतं?"

"तुला यातलं कळत नाही," मी म्हणालो. तिनं झारा कढईवर जरा जोरात आपटला आणि विषय संपला.

पंचवीसचा दिवस उजाडला. मिशनच्या चर्चची घंटा दहाला वाजली. अकरा वाजले, साडेअकरा झाले. गल्लीतली सगळी दुकानं उघडी, शांतूचं तेवढं बंद. दर वर्षी या वेळी सगळीच बंद असायची. बशीर तीनदा माझ्या दुकानाशी येऊन गेला. "करंज्या गार होत असतील रे," तिसऱ्यांदा म्हणाला. मी म्हणालो, "करंज्याच नसतील." तो म्हणाला, "शास्त्री, तू म्हणतोस म्हणून," आणि सुस्कारा सोडून परत गेला.

पाचला आम्ही निघालो. मी पांढरा सदरा घातला होता आणि पांढरं धोतर नेसलो होतो, असल्या प्रसंगी घालायचं म्हणून ठेवलेलं. शैलानं फिकट सुती साडी नेसली होती आणि हातात पदराखाली झाकलेले डबे. बशीर पांढऱ्या टोपीत, खजुराचा पुडा छातीशी धरून. वाटेत मी दोघांना पढवलं. आधी थोडा वेळ गप्प बसायचं. मग मी म्हणेन, देवापुढे इलाज नाही. मग तुम्ही मान हलवायची. डबे जाताना, कोपऱ्यात, न बोलता ठेवायचे.

मिशन कंपाउंडात वळलो तर पेटीचा आवाज ऐकू आला. घराघरावर चांदण्या, रंगीत पताका, अंगणात नवे कपडे घातलेली पोरं. "शेजारी तरी जरा भान ठेवतील," मी पुटपुटलो. पुढं गेल्यावर लक्षात आलं, की पेटी पाटोळ्यांच्याच घरात वाजतेय.

आम्ही दारात थांबलो. अंगणात मांडववाल्याकडच्या लोखंडी खुर्च्या, ओळीत मांडलेल्या. मी नंतर मोजल्या, अठरा होत्या. एकीवरही कुणी नाही. लांबलचक टेबलावर ताटं, ताटांवर वर्तमानपत्रं पांघरलेली. ओसरीत मार्थामावशी हिरव्यागार नऊवारीत पेटी वाजवत बसल्या होत्या. आम्हाला बघताच त्यांचा हात थांबला. आमचे पांढरे कपडे, उतरलेले चेहरे, पदराखालचे डबे, सगळ्यांवरून त्यांची नजर फिरली आणि त्या ताडकन उठल्या.

"अगंबाई! कोण गेलं रे?"

मी पाठ केलेलं सगळं विसरलो. "देवापुढे इलाज नाही, मावशी," तेवढं तोंडातून निघालं.

"अरे पण कोण? तुझी आई बरी आहे ना? बशीर, तुझ्याकडे कुणी…?"

बशीरनं ठरल्याप्रमाणे मान हलवली. मावशींनी छातीवर हात ठेवला. "शैला, तू तरी सांग बाई!"

"मावशी, कुणी नाही गेलं," शैला म्हणाली. "हे तुमच्याचसाठी आलेत. मास्तर गेले म्हणून."

"मास्तर ऑगस्टात गेले," मावशी म्हणाल्या. "तेव्हा तुम्ही तिघंही इथंच होता. बशीरनं खांदा दिला. आज काय नवीन?"

मी समजावून सांगू लागलो. दुखवट्याचं वर्ष, सण नाही, तळण नाही, शुभेच्छा नाहीत. बोलता बोलता माझी नजर टेबलाकडे जात होती. एका ताटावरचं वर्तमानपत्र वाऱ्यानं उचललं गेलं होतं आणि खाली करंज्यांची रास दिसत होती. तळलेल्या. माझा आवाज लहान लहान होत गेला.

"म्हणून कुणी आलं नाही?" मावशी म्हणाल्या. "अकरा वाजल्यापासून आम्ही मायलेक या खुर्च्यांकडे बघत बसलोय, ते म्हणून?"

तेवढ्यात शांतू आतून बाहेर आला. अंगात मास्तरांचा तपकिरी कोट होता. खांद्यात जरा सैल होत होता त्याला. तो हसला नाही.

"कुणी सांगितलं तुला, की आम्ही सण करत नाही?" त्यानं विचारलं.

"मला वाटलं…"

"मला काय वाटलं माहितेय? मला वाटलं, लोक बाबांसाठी येत होते. बाबा गेले, आता कशाला येतील? सगळी गल्ली माना हलवून तोंड फिरवतेय. आधी चांदणी उतरवली कुणीतरी. बाबांच्या हातची शेवटची होती. आईला मी अजून सांगितलेलं नाही. दुकानावर लावलीय म्हणून सांगितलं."

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. मग वळून पेटीचा भाता बंद केला.

"ज्यांना आपली चांदणी नको, त्यांच्यात दुकान कशाला ठेवायचं?" शांतू म्हणाला. "स्टँडजवळ गाळा बघितलाय. एक तारखेला हलतोय. निम्मी घड्याळं बांधून झाली."

सहा खोकी! मी झटकून, सुतळी बांधून, "आणखी लागली तर सांग" म्हणून दिलेली सहा खोकी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. लहानपणापासून भिंतीला भिंत लावून बसलेला माणूस मी स्वतःच्या हातानं गल्लीतून उठवत होतो.

"शांतू," मी म्हणालो, "चांदणी माझ्याकडे आहे."

शैलानं पदराखालचे डबे काढून टेबलावर ठेवले.

"मीच उतरवली. माळ्यावर आहे, धोतरात गुंडाळून. तुला त्रास नको म्हणून. गल्लीलाही मीच सांगितलं. कुणाचं काही चुकलं नाही, सगळं मीच केलं."

"शिडी मी धरली होती," बशीर खाली मान घालून म्हणाला. "बांगड्या उडाल्या तेही खोटं."

शांतू एकदा माझ्याकडे, एकदा बशीरकडे बघत राहिला. मावशी मात्र खुर्चीवर बसल्या, पदर तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतात. शैला पुढं धावली. तर मावशी हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या.

"हे ऐकायला ते हवे होते रे," त्या म्हणाल्या. "अनंता, शेवटच्या आठवड्यात मला काय म्हणाले माहितेय? मी नसलो म्हणून चांदणी लावली नाही तर बघ. हा जन्माचा सण आहे, याला मरणाची आडकाठी कसली? आमच्यात सण थांबत नाही, बाबा. अशा वर्षी तर माणसं जास्त हवी असतात दारात."

"मला माहीत नव्हतं, मावशी."

"नव्हतं हे खरं. पण विचारायचंस की." त्या आता हसत नव्हत्या. "तुझे वडील गेले त्या साली दिवाळीत मास्तर तुझ्याकडे आले होते. आठवतं?"

आठवत होतं. न आठवून सांगतो कुणाला! घरात आम्ही सगळे दिवा न लावता बसलो होतो आणि मास्तर तपकिरी कोट घालून, लाडवांचं ताट घेऊन, दारातूनच "शुभ दीपावली!" म्हणून गरजले होते. आई उठून आत गेली होती. मी ताट घेतलं, काही बोललो नाही. मोठ्या माणसाला काय सांगायचं?

"तुमच्यात त्या वर्षी सण नसतो हे त्यांना दुसऱ्या दिवशी बाजारात कुणीतरी सांगितलं," मावशी म्हणाल्या. "दोन दिवस नीट जेवले नाहीत. म्हणाले, त्या पोराच्या दुःखात मी जाऊन ओरडलो, मी आधी विचारायला हवं होतं. तेव्हापासून प्रत्येक सणाआधी तुझ्या दुकानात येऊन विचारायचे की नाही तुला?"

यायचे. दर वेळी यायचे. काउंटरवर कोपर टेकून विचारायचे, "अनंता, तुमच्याकडे यंदा कसं काय? हे चालतं का? ते नेलं तर बरं दिसेल का?" आणि मी नारळ बाजूला सारून पाऊण तास त्यांना सगळं समजावून सांगायचो. चार वर्षं मला वाटत होतं, मी शास्त्री आहे म्हणून मास्तर मला विचारतात.

मला एकदम रडू आलं. धोतर नेसलेला, बायकोसमोर, बशीरसमोर, अठरा रिकाम्या खुर्च्यांसमोर मी हमसून हमसून रडलो. ऑगस्टमध्ये मी रडलो नव्हतो. तेव्हा मी दहाव्याला काय लागतं याचा विचार करत होतो, आणि मग कळलं होतं की त्यांच्यात दहावा नसतो.

डोळे पुसून वर पाहिलं तर शांतू माझ्यासमोर उभा होता, हात पुढे केलेला.

"आधी घड्याळ दाखव," तो म्हणाला.

मी मनगट पुढं केलं. त्यानं ते हातात घेतलं, खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि बराच वेळ तबकडी निरखली. मास्तरांसारखीच, मान जरा तिरकी करून.

"सहा तास मागं आहे," तो म्हणाला.

"किती?"

"अकराला यायचं ते पाचला आलास. सहा तास. मोठी दुरुस्ती आहे." आणि त्यानं चावी फिरवून काटे मिनिटावर लावले. "हं. आता नाताळच्या शुभेच्छा. ये आत."

"तुलाही," मी म्हणालो. तीन दिवस गल्लीभर ज्या शब्दांना मी बंदी घातली होती, ते मला पुरते म्हणताही आले नाहीत.

बशीरला राहवेना. तो तसाच पळत गल्लीत गेला आणि अर्ध्या तासात सगळ्यांना घेऊन आला. कुणी तराजू तसाच टाकून आलं होतं, कुणी गळ्यात टेप अडकवून. अठरा खुर्च्या पुरल्या नाहीत. दारात शांतूनं एकेकाचं मनगट धरलं आणि एकेकाला सांगितलं, सहा तास मागं आहे. आमचा चिवडा आणि लाडू टेबलावर करंज्यांशेजारी बसले. बशीरनं केक हातात घेऊन विचारलं, "यात काही नाही ना?" मावशी म्हणाल्या, "यात सहा तासांचा शिळेपणा आहे, खा."

सातच्या सुमाराला मी, शांतू आणि बशीर दुकानाशी आलो. मी माळ्यावरून चांदणी काढली. एक टोक चेपलं होतं आणि सगळ्या कागदाला कापराचा वास लागला होता. शांतूनं हुंगून बघितलं.

"देवळासारखा वास येतोय," तो म्हणाला.

"पुसून काढू का?"

"राहू दे."

मी शिडीवर चढलो. या वेळी शिडी शांतूनं धरली होती. बशीर लांब उभा राहून सूचना देत होता, कारण शिडी धरण्यावरचा त्याचा विश्वास उडाला होता. मी सुतळी खिळ्याला अडकवली आणि खाली पाहिलं.

"शांतू, इथं चालेल का?"

तो मान तिरकी करून तबकडी निरखू लागला. मी घाई केली नाही.

"जरा डावीकडे घे," तो म्हणाला.

मी घेतली.

गाळ्याबद्दल मात्र तो काहीच बोलला नाही. मी विचारलं नाही असं नाही. शिडी उचलताना विचारलं. तो म्हणाला, "बघू," आणि कोटाची बटणं लावत घरी गेला. रात्रभर मी कूस बदलत राहिलो. शैला म्हणाली, "झोपा आता, विचारून झालंय ना?"

सव्वीसला सकाळी मी दुकान उघडायला गेलो, तर फळ्यांसमोर माझी सहा खोकी एकावर एक रचून ठेवलेली, माझ्याच सुतळीनं बांधून. शेजारून टिकटिक ऐकू येत होती. भिंतीवरची घड्याळं पुन्हा भिंतीवर लागली होती. शांतू डोळ्याला भिंग लावून बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

मी खोकी उचलली. हलकी लागायला हवी होती. सुतळी सोडून बघितलं तर प्रत्येकात वर्तमानपत्राची एकेक पुडी आणि पुडीत करंज्या. सहाही खोकी बघितली. रिकामं एकही परत आलं नव्हतं.